पगारातले दोनशे रुपये

तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल, तर या महिन्याची पगाराची स्लिप मोबाइलवर उघडून बघा. कपातीच्या रकान्यात पीएफ, टीडीएसच्या आसपास 'प्रोफेशनल टॅक्स' अशी एक ओळ असेल. समोर रक्कम २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे मिळून अडीच हजार. हे पैसे कशासाठी कापतात, असं मी ऑफिसातल्या दहा-बारा जणांना विचारून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. २०२० पर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या आजीने पगाराची स्लिप कधी पाहिलेली नाही. तिने अंगठा उठवून पैसे घेतले. पण हा कर ज्या कामासाठी सुरू झाला, ते काम तिने केलेलं आहे. ही गोष्ट त्या कामाची आहे. आणि एक प्रश्नही आहे, जो गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही : जगावर मोठं संकट येऊन गेलं की धंदे बदलतात, कामं बदलतात, हे तर खरंच, पण त्या बदलाची किंमत कोण भरतं?

लाल भाकरीचं वर्ष

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. आजीच्या बोलण्यात सालं नसतात. तिच्याकडे दोनच काळ आहेत, बहात्तरच्या आधीचा आणि बहात्तरच्या नंतरचा. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत अशीच मोजणी चालते. बाबांचा जन्म 'दुष्काळाच्या आदल्या सालचा', आत्याचं लग्न 'दुष्काळानंतर बारा-तेरा वर्षांनी'.

लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मला वाटायचं, की बहात्तरचा दुष्काळ ही आपल्या इकडचीच गोष्ट. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, संपलं. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, की १९७२ हे साल साऱ्या जगालाच वाईट गेलं होतं. त्या वर्षी एल निनो होता. सोव्हिएत युनियनमध्ये पीक बुडालं आणि त्यांनी अमेरिकेच्या बाजारातून प्रचंड गहू उचलला. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेचा पट्टा होरपळत होता. पेरूच्या किनाऱ्यावरची मासेमारी कोसळली, तशी जनावरांच्या खाद्याची जगभर टंचाई झाली. दोन वर्षांत गव्हाचा जागतिक भाव तिपटीच्या वर गेला. त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं खनिज तेल जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेलं. तेल महागलं की खत महागतं, आणि खत महागलं की शेती.

भारताची पंचाईत वेगळीच होती. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेने मदत थांबवली होती. धान्य हवं तर रोख मोजून घ्यायचं, आणि तेही भाव आभाळाला भिडलेले असताना. १९७३ मध्ये सोव्हिएत युनियनने वीस लाख टन गहू उसना दिला.

या सगळ्या उलाढालीतून आजीच्या ताटात काय आलं? मिलो. अमेरिकेत जनावरांना घालतात ती लाल ज्वारी. "मिलूची भाकर थापायला घेतली की हातातच मोडायची," आजी सांगते. "रंग असा लाल, की लेकरं आधी बघतच बसायची. पण खाल्ली. न खाऊन सांगता कुणाला?" कामावर सुकडी मिळायची. ती मात्र चांगली होती, असं ती आजही म्हणते.

खडी

काम म्हणजे खडी फोडणं. आमच्याकडचा दगड काळा कातळ. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग टाकलेले, समोर ओळीने बायका बसलेल्या, हातात हातोडी. आजी तेव्हा बावीस वर्षांची होती. थोरली आत्या चार वर्षांची, ती ढिगाशेजारी खेळायची. बाबा लिंबाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत. फोडलेली खडी मोजायला साहेब यायचा. मोजमाप ब्रासमध्ये व्हायचं, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हप्त्याला पैसे. आजीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेव्हापासून दुभंगलेलं आहे.

त्या काळी सरकारने काढलेल्या या कामांमागची पद्धत इंग्रजांपासून चालत आलेली होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाल्या : दुष्काळ जाहीर झाला की कामं काढायची, अंगमेहनत करील त्याला मजुरी द्यायची, पाऊस पडला की कामं बंद करायची. महाराष्ट्रात ही यंत्रणा १९७२-७३ मध्ये जेवढी राबली, तेवढी क्वचितच कधी राबली असेल. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती.

पीक बुडालेलं असूनही महाराष्ट्रात भूकबळींची लाट आली नाही. का आली नाही, याचा अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुष्काळी भागात पोहोचलेलं सगळंच धान्य सरकारने नेऊन टाकलेलं नव्हतं. लोकांच्या हातात मजुरी होती, म्हणून बाजाराने धान्य तिथवर आणलं. एरवी व्यापारी तिकडे फिरकला नसता. म्हणजे संकटात बाजारही जुळवून घेतो, पण गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे असतील तर. ते पैसे आधी कुणीतरी घालावे लागतात.

काम मागता येतं

१९७३ मध्ये पाऊस झाला. जुन्या पद्धतीप्रमाणे कामं बंद व्हायची वेळ आली. आणि इथे महाराष्ट्राने एक वेगळी गोष्ट केली.

वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. गावात काम मागणाऱ्या प्रत्येक माणसाला सरकारने काम दिलं पाहिजे, हा विचार ते कितीतरी वर्षं मांडत होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा एक प्रयोगही झाला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर केली, पण लगेच दुष्काळाच्या कामांनी तिला गिळलं. दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

कायद्यात काय होतं? ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. मजुरी झालेल्या कामाच्या मापावर, त्यामुळे बाईला कमी आणि बाप्याला जास्त हा शेतातला रिवाज तिथे चालायचा नाही. एक रुपया तेव्हाही फार नव्हता. पण काम नसेल तर तो मागणाऱ्याचा आळस नाही, देणाऱ्याची चूक आहे, हे या रुपयाने कागदावर कबूल केलं.

हा फरक मला पुस्तकातून नीट कळला नव्हता. तो आजीने सांगितला. "दुष्काळात काम निघालं की आम्ही पळत जायचो. नाही निघालं तर घरी बसायचो. हमी आली तवा आम्ही दहा-पंधरा बाया मिळून तहसीलवर गेलो. काम द्या म्हणलो. त्यो बाबू म्हणला, अर्ज लिहून आणा. आणला. पावती मागितली. शिवणीच्या सरांनी सांगितलं होतं, पावतीबिगर माघारी यायचं नाही." आजीला अक्षर ओळखू येत नाही. पण पावती म्हणजे काय, हे तिला आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगलं कळतं.

त्याच काळात परभणीत आणखी काही घडत होतं. १८ मे १९७२ रोजी, म्हणजे दुष्काळाच्या ऐन तोंडावर, मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत सुरू झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. त्याचा डावा कालवा दोनशेहून अधिक किलोमीटर वाहत परभणी जिल्ह्यात येतो. पाणी आलं तिथली शेती बदलली, माणसंही बदलली. आमच्या जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात कालवा चढला नाही. आमच्या वाट्याला हमीच्या कामांवरचे पाझर तलाव, बांध आणि रस्ते आले. आमच्या गावाला बाहेर काढणारा रस्ता त्याच खडीवर आहे. मी इंजिनिअरिंगला गेलो तो त्या रस्त्याने.

पैसे कुठून आले

आता तुमच्या स्लिपवरच्या त्या ओळीकडे येऊ.

कामाची हमी द्यायची तर पैसे हवेत, आणि तेही दरवर्षी, दुष्काळ असो वा नसो. म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय करासाठी कायदा केला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि ते रोजगार हमीसाठी वापरायचे, हा त्याचा स्पष्ट हेतू होता. सोबत बागायती जमिनीवर, वाहनांवर, विक्रीकरावर जादा आकार होता. या करांतून जेवढं जमेल, तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालायची असं ठरलं.

शहराने गावाचा खर्च उचलायला मान्यता दिली, यामागे नुसती दया नव्हती. बहात्तरला मुंबई-पुण्याकडे निघालेले लोंढे शहरांनी पाहिले होते. गावात काम मिळालं तर माणूस गावात राहील, हा हिशेबही त्यात होता, असं अनेक अभ्यासक सांगतात. बागायतदारांना रस्ते आणि तलाव हवेच होते. प्रत्येकाचा काहीतरी स्वार्थ होता. तरीही जमलं, याचंच मला जास्त अप्रूप वाटतं.

त्यात काळंबेरं नव्हतं असं नाही. हजेरीपटावर खोटी नावं चढायची, मजुरी रखडायची, पहिल्या पावसात रस्ते वाहून जायचे, बेकारी भत्ता तर क्वचितच कुणाच्या हातात पडला. पण याच धर्तीवर २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला, ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी देणारा. त्यालाच आपण पुढे मनरेगा म्हणू लागलो.

व्यवसाय कर मात्र वर्षाला अडीच हजारांवर थांबला. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये ही कमाल मर्यादा आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती अडीचशेवरून अडीच हजार झाली, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. म्हणून महिन्याला तीस हजार कमावणारा आणि तीन लाख कमावणारा, दोघांच्याही स्लिपवर तेच २०० रुपये दिसतात.

दहा दिवस

मार्च २०२० मध्ये मी पुण्यात हिंजवडीला होतो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. आमच्या धंद्याने कोरोनाशी कसं जुळवून घेतलं, ते मी आतून पाहिलं. दहा दिवस लागले. कुणाला लॅपटॉप, कुणाला डोंगल, मीटिंगा फोनवर. २१ तारखेला मित्राच्या गाडीतून मी गावाकडे निघालो आणि पुढचं दीड वर्ष माळवदावर, जिथे रेंज येते तिथे, खुर्ची टाकून युरोपातल्या एका ग्राहकासाठी कोड लिहीत बसलो. पगार वेळेवर. आईच्या हातचं जेवण. खरं सांगायचं तर वजन वाढलं.

माझा चुलतभाऊ चाकणला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होता. त्याच्या धंद्यालाही जुळवून घ्यायला फार वेळ लागला नाही. एका फोनवर कँटीन बंद झालं. तो मिळेल त्या वाहनाने, उरलेलं पायी, पाचव्या दिवशी गावात आला. शाळेत चौदा दिवस राहिला.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली ही माणसं जालन्याच्या पोलाद कारखान्यातून भुसावळकडे, पुढे गावी जायला निघाली होती. परभणीहून मुंबईला जाणारी गाडी त्याच रुळांवरून जाते. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. त्या दिवशी माझी दुपारची मीटिंग ठरल्या वेळी सुरू झाली.

संध्याकाळी भाऊ ओट्यावर येऊन बसला. "दादा, तुझ्या कंपनीत काही होईल का?" मी काय बोलणार! आजी आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "काम मागायचं. लिहून मागायचं. पावती घ्यायची."

आम्ही तेच केलं. ग्रामपंचायतीत गेलो, नमुना चार भरला. मीच लिहिला. भावासोबत परतलेल्या आणखी अकरा जणांचेही लिहिले. पावती द्यायला थोडी कुरकुर झाली, पण मिळाली. बांधबंदिस्तीचं काम निघालं. १७ मेला केंद्राने मनरेगासाठी चाळीस हजार कोटी रुपये वाढवून दिले होते. त्या आर्थिक वर्षात देशभरात साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी या कायद्याखाली काम केलं. बहात्तरसालच्या संकटातून निघालेली गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षांनी दुसऱ्या संकटात अशी कामी आली.

पुढे मजुरी अडली. आधारवर भावाच्या नावाचं स्पेलिंग एक आणि बँक खात्यावर दुसरं. एका अक्षराने सहा आठवडे पैसे लटकले. मी सॉफ्टवेअरवाला असल्याने सगळे माझ्याकडे बघत होते. स्क्रीनवरचा तो मेसेज मला चांगला ओळखीचा होता. 'नोंद जुळत नाही.' असले मेसेज मी स्वतः लिहितो. लिहिताना पलीकडे कोण वाचणार आहे, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. आजीच्या वेळी खोटी नावं हजेरीपटावर चढायची, ते थांबवायला संगणक आला, हे बरोबरच. पण आता खरी नावंही गळतात. खोट्या नावावरचा पैसा कोण खातो, हे निदान गावाला माहीत असायचं.

पावती

२०२३ च्या सुरुवातीला जगभरातल्या सॉफ्टवेअर कंपन्या माणसं कमी करत होत्या. कोरोनात मागणी वाढली म्हणून भरती केली होती, आता मागणी उतरली. जुळवून घेणं सुरू होतं. आमचा प्रोजेक्ट बंद झाला, दोन महिने मी बेंचवर होतो. मग एका सोमवारी अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. राजीनामा स्वतःहून दिलात तर अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल, असं गोड आवाजात सांगण्यात आलं. दिला. तीन वर्षं तुटपुंज्या का होईना बचतीची सवय होती म्हणून निभावलं. पाच महिन्यांनी दुसरी नोकरी लागली.

त्या पाच महिन्यांत गावी होतो. एकदा आजीने विचारलं, "मग काम मागितलंस का?"

"आमच्यात तसं नसतं, आजी."

"लिहून मागितलंस का?"

"लिहून पाठवतो ना, रोज दहा ठिकाणी."

"पावती?"

मी हसलो. ती हसली नाही. तिला खरंच कळत नव्हतं, की एवढं शिकलेल्या माणसाला काम मागायचा कागद कसा नाही.

तेव्हापासून जुळवून घेणं, लवचीक राहणं, स्वतःला अपडेट करणं हे शब्द ऐकले की मी जरा सावध होतो. ते करावं लागतंच, मीही रात्री जागून नव्या गोष्टी शिकतो. पण १९७२ नंतरच्या महाराष्ट्राने संकटाशी जुळवून घ्यायचं सगळं ओझं खडी फोडणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवलं नाही. थोडं पगारदाराने उचललं, थोडं व्यापाऱ्याने, थोडं सरकारने. चुका केल्या, चोऱ्याही झाल्या, पण ओझं वाटून घ्यायचं असतं हे मान्य केलं. कोरोनात आणि त्यानंतर आमच्या धंद्याने फार चपळाईने स्वतःला बदललं. ओझं कुणी किती उचलायचं, हा विषय त्या अकरा मिनिटांत निघाला नाही.

नव्या नोकरीतली पहिली स्लिप आली, तेव्हा मी ती आजीला दाखवली. ती ओळ बोटाने दाखवून सांगितलं, की हे दोनशे तुमच्या हमीच्या कामासाठी कापायला लागले होते. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. आकडे तिला वाचता येतात.

"एवढेच?" ती म्हणाली.